भाबडा की ध्येयवादी? फरक जून महिन्यात कळतो

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

 

आज आवाज थोडा वेगळा येईल, कारण मी पुण्याच्या खोलीतून नाही, कशेळ्याहून रेकॉर्ड करतोय. कर्जतवरून मुरबाडकडे जाणारा रस्ता आहे ना, त्यावरचं आमचं गाव. भीमाशंकरला खांडसवरून चढणाऱ्या ट्रेकर लोकांनी इथे वडापाव नक्की खाल्ला असेल. तर मागे कोंबडा ओरडला, एसटीचा हॉर्न आला, तर समजून घ्या.

आजचा विषय मला एका मेसेजवरून सुचला. एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, मला गावासाठी काहीतरी करायचंय, पण घरचे म्हणतात तू भाबडा आहेस. ध्येयवादी असणं आणि भाबडं असणं यात फरक काय?"

मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो. कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः भाबडा होतो, आणि त्याची किंमत मी नाही, माझ्या काकांनी मोजली. ती गोष्ट मी कधी जाहीर सांगितली नाही. आज सांगतो.

२०२० सालचा लॉकडाऊन. नोकरी नवीन होती, वर्क फ्रॉम होम मिळालं आणि मी लॅपटॉप घेऊन गावी आलो. कॉलेजच्या चार वर्षांत गावी यायचो ते गणपतीला आणि शिमग्याला. तेव्हा पहिल्यांदा पेरणीपासून झोडणीपर्यंत सगळा हंगाम डोळ्यासमोर बघितला. आणि शेवटी काय बघितलं? काकांनी भाताची पोती टेम्पोत भरली आणि नेहमीच्या व्यापाऱ्याला देऊन टाकली. भाव तो म्हणेल तो.

मला संताप आला. मी फोनवर बघितलं, डोंबिवलीत तांदूळ काय किलोने जातो. काकांना मिळालेल्या भावाच्या दुपटीहून जास्त! मी म्हटलं, हा मधला माणूस काढला की प्रश्न सुटला. आपण इंजिनीअर आहोत, ॲप बनवू.

दोन महिने रात्री जागून ॲप बनवलं. नाव सांगत नाही, आता माझी मलाच लाज वाटते. अकरा शेतकरी जोडले. डोंबिवलीतल्या ओळखीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. पहिल्या आठवड्यात चाळीस ऑर्डर. मी घरात नाचलो. आईला म्हटलं, "बघ, एवढं सोपं होतं, कुणी केलंच नाही आजवर." मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. 'एवढं सोपं होतं, कुणी केलंच नाही.' हे वाक्य आपल्या तोंडून निघालं की समजायचं, आपल्याला काहीतरी दिसत नाहीये.

मला काय काय दिसत नव्हतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे मी भाताचा भाव आणि तांदळाचा भाव शेजारी ठेवून वजाबाकी केली होती. शंभर किलो भात गिरणीत घातला की साधारण पासष्ट किलो तांदूळ येतो. त्यात कणी निघते. मग भरडाई, पोती, टेम्पो. 'दुपटीहून जास्त' मधलं बरंचसं तिथेच संपलं. शेतकऱ्याच्या पोराला हे माहीत नसावं? नव्हतं. मी गणितात नव्वदच्या वर मार्क काढत होतो, पण गिरणीत कधी उभा राहिलो नव्हतो.

दुसरं, भात टिकतो, तांदूळ टिकत नाही. टरफल असेपर्यंत दाणा सुरक्षित असतो. एकदा भरडला की किडे लागतात. मी काकांना सांगितलं, "ऑर्डर पक्क्या आहेत, सगळं भरडून ठेवा." काकांनी नऊ क्विंटल भात भरडला. सहाएक क्विंटल तांदूळ झाला.

तिसरं, ऑर्डर पक्क्या नव्हत्या. मी आगाऊ पैसे घेतले नव्हते. मला वाटायचं, शहरातली माणसं शेतकऱ्याचा तांदूळ म्हटल्यावर शब्द पाळतील. चाळीसपैकी तेवीस जणांनी नंतर नाही म्हटलं. कुणाला कणी जास्त वाटली, कुणाला मॉलमध्ये ऑफर मिळाली, कुणी फोनच उचलला नाही. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी फक्त एक बटण दाबलं होतं.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. तांदूळ पडवीत. एप्रिलमध्ये काकींनी पोतं उघडलं तर किडेच किडे. शेवटी बराचसा कोंबडीच्या खाद्यासाठी मिळेल त्या भावाने गेला.

पण खरा मार अजून यायचा होता. तो जूनमध्ये आला.

जून महिना आमच्याकडे काय असतो हे शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. घरातलं धान्य संपत आलेलं असतं. त्याच वेळी बियाणं, खत, पॉवर टिलरचं भाडं आणि पुढे लावणीची मजुरी, सगळा खर्च एकदम उभा राहतो. हातात पैसा येणार तो दिवाळीनंतर. हे पाच महिने कोण सांभाळतं? तोच व्यापारी. तो उचल देतो. कागद नाही, सही नाही, रात्री आठला गेलात तरी देतो. त्या बदल्यात भात त्यालाच घालायचं, त्याच्या भावाने.

म्हणजे ज्याला मी 'मधला माणूस' म्हणून काढून टाकलं, तो काकांची बँक होता. महागडी होती, पिळणारी होती, पण होती. त्या जूनमध्ये काका त्याच्याकडे गेले. तो हसला आणि म्हणाला, "आता मोबाईलकडूनच घ्या."

काकींच्या कानातले गहाण पडले. मला ते दोन महिन्यांनी आईकडून कळलं. मी पगारातले पैसे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "तुझ्यावर विश्वास ठेवला तो मी ठेवला. ते पैसे तुझ्याकडून कसे घेऊ? पण एक सांगू? तू एवढा शिकलास, एवढे प्रश्न विचारलेस. भाव काय, पोती किती, नंबर दे, फोटो दे. पण जूनमध्ये तुमचं कसं चालतं, हे एकदा विचारलं नाहीस."

मंडळी, आजचा एपिसोड खरं तर या एका वाक्यात संपला. पण आता त्या वाक्याला धरून आपल्याच तालुक्यातली एक खरी गोष्ट बघूया.

आमच्या शाळेत दर वर्षी २ जानेवारीला भाषणं असायची. हुतात्मा भाई कोतवाल. मीपण पाठ करून भाषण केलंय. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान, गरीब नाभिक कुटुंब. शिकून वकील झाले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभा केला. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठलं. मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल, दोघेही तिथे हुतात्मा झाले. टाळ्या, खाली बसा.

या भाषणात मधे एक ओळ असायची, 'त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्य कोठ्या सुरू केल्या.' ती ओळ आम्ही घाईत म्हणायचो, कारण पुढे बंदूक आणि जंगल यायचं. काकींचे कानातले गहाण पडल्यावर मला ती ओळ आठवली. धान्य कोठी? वकील माणसाने धान्य साठवायची कोठी का काढली असेल?

कारण त्यांना जूनचं गणित माहीत होतं.

त्या काळात पावसाळ्यात घरात दाणा नसला की गरीब कूळ किंवा ठाकूर-कातकरी कुटुंब सावकाराकडून, जमीनदाराकडून धान्य उचलायचं. ते सवाईने, दिढीने, कधी दुपटीने परत करायचं. समजा एका घराने श्रावणात दोन क्विंटल भात दिढीने उचललं. कापणीनंतर तीन क्विंटल द्यायचं. पीकच आठ-नऊ क्विंटल. म्हणजे पुढच्या वर्षी घरातलं धान्य आणखी लवकर संपणार, मग तीन उचला, साडेचार द्या. आपल्या भाषेत इन्फिनिट लूप. माणूस कितीही राबला तरी बाहेर पडत नाही. त्यात महायुद्ध. १९४२ च्या मार्चमध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. टंचाई वाढली की सावकाराचं बळ वाढतं.

आता या परिस्थितीत भाबडा माणूस काय करेल? दोन गोष्टी करेल. एक, सावकाराविरुद्ध भाषण करेल. लोक टाळ्या वाजवतील आणि श्रावणात त्याच सावकाराच्या दारात उभे राहतील, कारण पोरांना टाळ्या खाऊ घालता येत नाहीत. दोन, स्वतःच्या खिशातून धान्य वाटेल. एक वर्ष, दोन वर्षं. मग खिसा संपेल.

कोठीचा विचार वेगळा आहे. धान्य गावातच साठवायचं, गावानेच. पावसाळ्यात गरजू घराने उचलायचं, कापणीनंतर थोडी वाढ घालून परत करायचं. ती वाढ कुणा एकाच्या वाड्यात जात नाही, कोठीतच राहते. बघा, इथे सावकाराला शिव्या देणं नाही. सावकार जे एक काम करतो, श्रावणात धान्य देण्याचं, तेच काम त्याच्याशिवाय होईल अशी सोय आहे. मी ॲप बनवून मधला माणूस काढला, पण त्याचं काम कोण करणार हे बघितलं नाही. कोठीने आधी काम उचललं, मग माणसाची गरज संपली. क्रम उलटा होता.

मी इंजिनीअर असल्यामुळे याचं एक छोटं मॉडेल करून बघितलं. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा कोठीत २० क्विंटल धान्य आहे, सगळं उसनं दिलं. शंभरातले दहा टक्के परत आलं नाही, कारण कुणाचं पीक गेलं, कुणी बुडवलं. पाच टक्के उंदीर आणि ओल खाणार. वाढ अजिबात घ्यायची नाही असं ठरवलं, 'आपलेच लोक आहेत' म्हणून, तर पहिल्या वर्षानंतर सतरा क्विंटल उरतं आणि चार वर्षांत कोठी जवळपास निम्मी होते. तेच सवाईने परत घेतलं, तर नुकसान धरूनसुद्धा पहिल्याच वर्षी साधारण साडेएकवीस होतं. कोठी वाढते.

बिनवाढीची कोठी ऐकायला जास्त प्रेमळ वाटते. पण पाचव्या-सहाव्या वर्षी एखाद्या बाईला श्रावणात रिकाम्या हाताने परत पाठवणार ती हीच कोठी. काही लोक बुडवणार हे आधीच धरून चालणारी कोठी कोरडी वाटते, पण ती टिकते. माझ्या मते फरक इथे आहे. भाबड्याचं काम चालायला सगळी माणसं चांगली असावी लागतात. ध्येयवादी माणूस असं काम उभारतो, जे साध्या, थकलेल्या, कधी शब्द मोडणाऱ्या माणसांनासुद्धा घेऊन चालेल. त्याचा माणसांवर विश्वास कमी असतो असं नाही. तो माणसांना ओळखून विश्वास ठेवतो.

आणि हा विचार फक्त आपल्याकडचा नाही. रॉबर्ट ओवेन नावाच्या श्रीमंत ब्रिटिश गिरणीमालकाने १८२५ मध्ये अमेरिकेत 'न्यू हार्मनी' नावाची वसाहत सुरू केली. सगळे समान, सगळं सामाईक. हेतू शंभर नंबरी. पण कुणी काय काम करायचं, हिशेब कसा ठेवायचा, यावरून दोनेक वर्षांत विस्कटली. त्याच ओवेनच्या विचारांना मानणाऱ्या इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या २८ जणांनी १८४४ मध्ये एक दुकान काढलं. सामान काय? पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, मेणबत्त्या. नियम काय? रोखीने व्यवहार, माप चोख, नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांत वाटायचा. स्वप्न तेच, फक्त यांनी मेणबत्ती मोजून विकली. जगभरची सहकारी चळवळ आजही या दुकानाला आपला आदर्श मानते.

आणि लांब कशाला, आमच्या कशेळ्यातच अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने पुढच्या काळात आदिवासी वाड्यांवर धान्य बँकांचं काम केलं, भाताची जुनी स्थानिक वाणं जपायचं काम केलं. माझ्या घरापासून काही मिनिटांवर. आणि मी गुगलवर 'हाऊ टू हेल्प फार्मर्स' शोधत होतो.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, "दादा, सगळं ठीक, पण कोतवाल तर मारले गेले. वयाच्या तिसाव्या वर्षी. मग तेपण भाबडेच ना?"

हा प्रश्न टाळायचा नाही. मी पण खूप विचार केला, कारण मी आता अठ्ठावीसचा आहे.

आझाद दस्त्याने काय केलं ते बघा. आपल्या भागातून मुंबईला वीज जाते. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, आपलं भिवपुरीचं १९२२ चं. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे या विजेवर अवलंबून. मूठभर माणसं ब्रिटिश सैन्याशी लढू शकत नव्हती, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी वीज वाहून नेणारे मनोरे पाडले. कुठे हात घातला तर सगळ्यात जास्त परिणाम होईल, हे शोधलं. हा डोळे मिटून केलेला प्रकार नाही.

आणि किंमत? ते वकील होते. पकडलं गेलो तर काय होईल हे कायदा शिकलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. भाबड्या माणसाला किंमत माहीत नसते, बिल आल्यावर तो दचकतो. यांना किंमत माहीत होती आणि त्यांनी ती स्वतः द्यायची ठरवली. म्हणून कोण जिंकलं, कोण हरलं यावरून भाबडा की ध्येयवादी हे ठरत नाही. ध्येयवादी माणूससुद्धा हरतो. भाबडासुद्धा कधी नशिबाने जिंकतो. बघायचं हे की, डोळे उघडे होते का, आणि बिल कुणाच्या नावावर फाडलं?

माझं बिल काकींच्या कानावर फाडलं गेलं. मला आजही टोचतं ते हेच. मी धोका पत्करला असं मला वाटत होतं. माझा पगार दर महिन्याला येत होता, माझा धोका शून्य होता.

अजून एक सांगायचंय, थोडं उलट बाजूने. ॲप बुडाल्यावर मित्र म्हणाले, "हेच होणार होतं. गावात काही बदलत नाही. प्रॅक्टिकल हो." वर्षभर मी प्रॅक्टिकल झालो. म्हणजे काहीच केलं नाही आणि त्याला शहाणपण म्हटलं. नंतर लक्षात आलं, 'सगळे चांगले आहेत' म्हणणारा आणि 'सगळे सारखेच, काही होत नाही' म्हणणारा, हे दोघे भाऊ आहेत. दोघांनाही गिरणीत उभं राहायची, जूनमध्ये कुणाच्या पडवीत बसायची गरज पडत नाही. उत्तर आधीच तयार असतं. 'हेच होणार होतं' म्हणणाऱ्या माझ्या एकाही मित्राला भात आणि तांदळातला फरक माहीत नव्हता.

मग आता काय चाललंय? फार काही मोठं नाही, आधीच सांगतो. सात घरं आहेत, काका धरून. हो, काका आहेत. कानातले त्यांनी स्वतःच सोडवले, मला पत्ता लागू दिला नाही. आता भात भातच ठेवतो, ऑर्डर आली की तेवढंच भरडतो. अर्धे पैसे आगाऊ, नाहीतर ऑर्डर नाही. निम्मं भात अजूनही व्यापाऱ्याला जातं, आम्हीच ठरवून. त्याच्याशी भांडण परवडायचं नाही. आणि प्रत्येक विक्रीतून थोडी रक्कम बाजूला पडते, ती जूनसाठी. मागच्या जूनमध्ये त्यातून तीन घरांना लावणीपुरती उचल मिळाली. एकाने अजून परत केलेली नाही. ते आम्ही धरलेलंच होतं. ॲप नाही. एक वही आहे, काकी लिहितात.

तर ज्याने मेसेज केला होता त्या मित्रासाठी. तुझे घरचे तुला भाबडा म्हणतात, तर रागावू नकोस, आणि लगेच मानूही नकोस. तीन प्रश्न घेऊन बस. ज्यांच्यासाठी करतोय त्यांचा सगळ्यात वाईट महिना कोणता, आणि त्या महिन्यात मी तिथे गेलोय का? मी ज्याला वाईट ठरवलंय तो त्यांचं कोणतं काम करतो, आणि तो गेला तर ते कोण करणार? आणि माझं फसलं तर बिल कुणाच्या नावावर येणार? या तिघांची उत्तरं देता आली, तर जा पुढे. लोक भाबडा म्हणोत. उत्तरं नसली तर स्वप्न सोडू नकोस, फक्त आधी पडवीत जाऊन बस. चहा मिळतोच.

यंदा २ जानेवारीला मी सिद्धगडला जाऊन आलो. दर वर्षी तिथे लोक जमतात, आजूबाजूच्या गावांतून, शाळांतून. एक मुलगा भाषण करत होता, अगदी मी करायचो तसंच, घाईघाईत. 'धान्य कोठ्या सुरू केल्या' ही ओळ आली आणि तो पुढे पळाला. मला त्याला थांबवून म्हणावंसं वाटलं, "अरे, ती ओळ परत म्हण."

चला, बाहेर काकी आल्यात वही घेऊन, हिशेब आहे. तुमच्या भाबडेपणाची एखादी गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.